उलटे आटे

बहलाच्या सनैयात, टायरवाल्या पठाणाला लागून
आमचा गाळा. पत्रा दहालाच तापतो,
पाना उन्हात राहिला तर चटका देतो,
म्हणून हत्यारं ओल्या गोणपाटाखाली निजतात.

आज खल्फान करवत घेऊन आला. साखळी हलेना.
कव्हर काढलं, तर आत काथ्याच काथ्या,
क्लचच्या ड्रमभोवती असा गुंडाळलेला
जसं कुणी आत बसून दोर वळत होतं.
खजूर हे झाड नव्हेच. उभं केलेलं पोतं आहे ते,
आतून सगळं सुताचं, आणि सुतात वाळू.
दर तासाला कव्हर उघडा, झटका, मग पुढे कापा;
सांगून माझी जीभ झिजली,
साखळ्या तर झिजतातच.

मुनाफ, मंडणगडचा नवा पोरगा,
पान्याला लटकला होता: डावीकडे, डावीकडे,
आणखी डावीकडे.
घाम ड्रमवर पडत होता आणि तिथंच सुकत होता.
मी लगेच बोललो नाही.

मीही असाच लटकलो होतो, अकरा वर्षांमागे,
वर फ्लायव्हील अडकवायला पेचकस कोंबलेला.
एक पातं गेलं. पगारातले चौदा रियाल गेले.
पौलोस तेव्हा फोरमन. ओरडला नाही.
तुटकं पातं माझ्या खिशात घातलं
आणि चहा सांगायला गेला.
अजून आहे ते, किल्ल्यांच्या जुडग्यात.

"थांब," म्हटलं. "आधी प्लग काढ.
पिस्टन हळू वर आण, धुराचं भोक झाकेपर्यंत,
नाहीतर दोर तिथंच कातरेल.
आता दोर दुहेरी करून आत सोड.
शेपूट बाहेर राहू दे, गाठ मारून,
काढायला विसरणारे मी पाहिलेत."

खल्फान आपला हबूल घेऊन पुढे झाला,
खजुरावर चढायचा त्याचा दोर, कमरेला घासून गुळगुळीत,
टोकाचा वीतभर तुकडा कापून देऊ लागला.
"नको चाचा, याचे तंतू झडतात.
स्टार्टरचा जुना नायलॉनच लागतो इथं."
तो दात नसलेलं हसला.
ज्यावर चाळीस वर्षं स्वतःला तोललं
तो दोर माझ्या गाळ्यात नापास झाला होता.

"आता आवळतात त्या बाजूला फिरव."
मुनाफ बघतच राहिला. "उजवीकडे? मग सुटेल कसा?"
"आटे उलटे आहेत. मशीन पळतं
तसा हा आपोआप आवळत जातो.
सुलटे असते तर चालू करताच सुटून
तुझ्या गुडघ्यावर आला असता."

कट्.
एवढाच आवाज. मग बोटांनीसुद्धा फिरला.
मुनाफनं क्लच तळहातावर धरला,
उलटा, सुलटा, पुन्हा उलटा.
मग माझ्याकडे न बघता
काथ्या उपसायला लागला.

रात्री खोलीवर फोन. आवाज येतो, चित्र गोठतं.
खेडला मिक्सरचं कपलर तुटलंय,
बाजारातून नवं आणलंय, जुनं निघत नाही,
बायको म्हणाली. मी घसा खाकरला.
आता माझी पाळी होती.

"निघालं की," मागून रुमाना. "उजवीकडे फिरवलं."
"तुला कुणी सांगितलं?"
"कुणी नाही. डावीकडे निघेना.
दुसरी बाजू तेवढी उरली होती."

अकरा वर्षं. चौदा रियाल. मी जुडगा चाचपला,
पात्याची धार आता बोथट झालीय.
तिनं फोन जवळ नेऊन मिक्सर लावला,
ओलं खोबरं फिरलं, वर ठसका लागेल अशी मिरची,
आणि त्याखाली एक बारीक कुरकुर,
जी तिथं कुणाला ऐकू येत नव्हती.
बेअरिंग.

सुट्टीला आलो की बघतो, असं तोंडात आलं होतं.
ते गिळलं.
"बुडाला चार स्क्रू आहेत," म्हटलं, "सावकाश खोल.
स्क्रू वाटीत ठेव, नाहीतर एक हरवतोच.
आणि रुमाना,
आधी प्लग काढ."